सौजन्याची चाळणी

नामिबियाच्या उत्तरेला, ओशाकातीजवळच्या त्या घरावर पांढरं निशाण फडकत होतं. म्हणजे आज इथे लग्न. कुंपणाच्या दारात बायकांना घेऊन कुकु नांगुला उभी होती. कुकु म्हणजे आजी. आणि ही तर नवरीची आजी, शिवाय पंचक्रोशीतली पहिल्या मानाची गाणारी. समोर बार्शीहून आलेलं ढमढेऱ्यांचं वऱ्हाड, प्रत्येकाच्या कानात वाटाण्याएवढा कर्णदूत.

कर्णदूत कुठलीही भाषा त्याच क्षणी तुमच्या भाषेत सांगतो. पूर्वी तो जसंच्या तसं सांगायचा. मग एका शाही मेजवानीत त्याने एक विनोद जसाच्या तसा सांगितला आणि दोन देशांनी राजदूत परत बोलावले. तेव्हापासून त्यात सौजन्याची चाळणी बसवलेली असते. कायद्यानेच.

कुकुने तो घालायला साफ नकार दिला होता. "माझ्या कानात माझ्या आईचा आवाज आहे. जागा नाही."

तिने पहिली ओळ उचलली. बायकांनी तिचा शेवटचा शब्द झेलला, परत फेकला.

"आमची नेलाओ! तिच्या मुसळाखाली बाजरी बोलते,
तिच्या आजोबांच्या बैलांना गाव नावाने ओळखतं!
तुम्ही कोण? तुमच्या गुरांना नावं तरी आहेत?
की फक्त नाकंच लांब घेऊन आलात?"

डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरून तिने मान हलवली, मग स्वतःच्या नाकापुढे वीतभर हवा मोजली.

वऱ्हाडाच्या कानात आलं, "प्रिय पाहुणे, स्वागत. आपलं पशुधन व चेहरेपट्टी यांबद्दल आम्हांस कुतूहल आहे."

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या.

कुकु थिजली. "टाळ्या?"

तिने पुन्हा गाऊन पाहिलं. पुन्हा टाळ्या, एका काकांनी व्हिडिओही काढला. या घराची रीत अशी, की तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर दार उघडायचं नाही. ज्यांना भांडता येत नाही, ते उद्या आमच्या मुलीच्या बाजूने काय भांडणार? आणि दार उघडेपर्यंत नवरीने तोंड उघडायचं नाही. कुंपणाआड नेलाओ ओठ चावत उभी होती.

वरमाय वर्षाबाईंचा कान घामाने खाजला. त्यांनी कर्णदूत काढला आणि तेवढ्यात कुकुने तिसऱ्यांदा सुरुवात केली, तीच शिंगं, तेच नाक.

"शंतनू, ही बाई आपला उद्धार करतेय," त्या नवऱ्यामुलाला म्हणाल्या.

"स्वागत करतेय गं आई. कर्णदूत सांगतोय ना."

"त्याला काय कळतंय! माझ्या लग्नात माझ्या आत्याने तुझ्या आजीचं असंच स्वागत केलं होतं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. सरक."

पदर खोचून त्या पुढे झाल्या. आवाज बारीक, पण टोकदार.

"म्हैस आमची चंद्री गं, शिंगं तिची कमानी,
नाक आमचं लांब गं, खरं सांगतं इमानी,
मटण तुमचं करपलं, वास आला विमानी,
विहीणबाई, हंडा बघा!"

'चंद्री'ला शिंगं, मग नाक, मग बोट थेट चुलीकडे. तिथे खरंच धूर निघत होता.

कुकुने मागे वळून पाहिलं. हंड्याकडे, मग या बाईकडे. आणि जीभ थरथरवत तिने अशी किलकारी मारली की झाडावरची पाखरं उडाली. बायकांनी लगेच शब्द झेलला, "चन्द्री! चन्द्री!" दार उघडलं.

जेवताना कुकु वर्षाबाईंना खेटून बसली होती. करपलेला तुकडा तिने मुद्दाम त्यांच्याच ताटात वाढला.

"म्हशीचं नाव मी आमच्या गाण्यात घातलंय," ती नेलाओला म्हणाली. "माझ्या मागे तू गाशील. सांग त्यांना. आणि विचार त्या वाटाण्याला, आज काय झालं म्हणतोय?"

शंतनूने कर्णदूताचा अहवाल वाचून दाखवला, नेलाओने तो आजीला सांगितला. "दोन्ही घरांनी एकमेकांची मनापासून स्तुती केली. अपमान शून्य."

कुकुचा घास हातातच राहिला. तिने शंतनूच्या कानातल्या वाटाण्याकडे बोट केलं.

"पोरी," ती म्हणाली, "शिव्यांमागचं याला खरंच कळलं की काय?"