सात नंबरचं पाणी

पेट्रोलपंप बंद पडून पस्तीस वर्षं झाली होती, पण जमिनीखालच्या त्यांच्या टाक्या तशाच गंजत होत्या. त्यांतून झिरपणारं बेन्झिन विहिरींत उतरतंय का, हे पाहायला तांबटवाडीनं शाल्मलीला गंधपाल नेमलं होतं. गंधपाल म्हणजे जिच्या नाकातल्या पेशींत एक नवं जनुक बसवलंय अशी बाई. हौदभर पाण्यात बेन्झिनचा थेंब असला तरी तिला वास येई. यंत्रं गंजत, चोरीला जात. नाक कोण चोरणार? गाव थट्टेनं म्हणायचं, "नाकवाल्या काकू आल्या, फोडणी जपून द्या!"

दर महिन्याला बारा विहिरींचं पाणी हुंगून ती कठड्यावर लाल नाहीतर पांढरी पट्टी ओढायची. अकरा वर्षांत सात नंबरची पट्टी कधी लाल झाली नाही. ती तिच्याच परसातली विहीर होती, आणि तिला त्याचा कोण अभिमान!

म्हणूनच वीस वर्षांच्या उर्वीचं रक्त तयार होईनासं झालं आणि शहरातल्या डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा लेकीच्या उशाशी बसलेली शाल्मली फणकारली, "माझ्या विहिरीचं पाणी मी स्वतः हुंगते." सरकारी नोंदही पांढरीच होती. डॉक्टरांनी पाण्याचा विषय सोडून दिला.

इस्पितळाच्या नळावर तिचा भरवसा नव्हता. सात नंबरच्या पाण्याचा कॅन शेजारीण रोज एसटीच्या ड्रायव्हरकडे देई. ते सगळं उर्वीला. स्वतः ती नळाचंच पिई. तिसऱ्या आठवड्यात पुलाचं काम निघालं, एसटी बंद झाली आणि आठ दिवस कॅन आला नाही. नवव्या दिवशी आला. शाल्मलीनं झाकण उघडलं आणि मागे सरली. लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून ती पंपावर जायची. तोच वास.

तिनं नाक बसवून देणाऱ्या डॉक्टर रुक्साना मुजावरांना फोन लावला. "मॅडम, कॅनमध्ये कुणी कायतरी घातलंय!"

"शाल्मलीताई, कॅन कुठला आहे?"

"सात नंबरचा. माझ्या घरचा. आठ दिवसांनी आलाय."

पलीकडून मुजावर हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का? पाहुण्याला येतो. जे रोज आहे, त्याला नाक शून्य धरतं. तुम्ही नवं नाक घेतलं, तेव्हाही हेच पाणी पीत होता. आठ दिवस ते दूर राहिलं, म्हणून आज वास आला."

"म्हंजे अकरा वर्षं..."

"सात नंबरहून जास्त वासाचं पाणी असेल, तरच तुम्हाला कळायचं. बाकी सगळं तुम्हाला स्वच्छच वाटलं." मग त्या म्हणाल्या, "गंधपाल गावचीच हवी, हा हट्ट माझा होता. आपलं माणूस पाण्याला जपेल म्हणून. तीनशे गावांत तीनशे गावच्याच बायका नेमायला लावल्यात मी."

"मी आता जाते, सगळ्या विहिरी हुंगते."

"जा. पण आठ दिवसांच्या आत या. तिथे राहिलात, तर वास पुन्हा येईनासा होईल."

शाल्मलीनं फोन ठेवला. उर्वी झोपली होती. तिनं वाकून लेकीच्या केसांना नाक लावलं. इतकी वर्षं वेणी घालताना ज्या केसांना कसलाच वास नव्हता, त्यांना बारीकसा पेट्रोलचा वास येत होता. हे पाणी आपणच पाजलं, वाटी वाटी करून. डॉक्टरांनी दोन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत.

तिनं कॅन बाथरूममध्ये ओतून टाकला आणि नळाखाली धरला.

उर्वी जागी झाली. "आई, कॅन आला? नळाचं नको गं, घरचं दे."

शाल्मलीनं पेला तिच्या ओठांना लावला. "घरचंच हाय, बाळ."

उर्वीनं डोळे मिटून दोन घोट घेतले आणि हसली. "बघ, आपल्या पाण्याची गोडीच वेगळी."