फ्रॉकलाही डिंक्या लागला?

"डिंक्या? अन् माह्या बागेत?" भगवंतराव आबाजी फोनवर असे कडाडले की ओसरीवरची तिन्ही पोरं ताडकन उठली!

डिंक्या म्हणजे संत्र्याचा वैरी. बुंध्यातून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात आणि झाड वाळतं. वरूडच्या बाजारात एकदा का त्याची आवई उठली, की त्या बागेकडे व्यापारी फिरकत नाही.

"व्हिडिओत झाडं पिवळी दिसून राहिली, आबाजी!" पलीकडून शेखरकाका दलाल बोलला. "दोन व्यापाऱ्यायले सांगतलं बी. तुमचा माल न्यायले आणलेला ट्रक फाट्यावर आहे. चहा झाला की तिवस्याच्या बागायकडे वळवतो!"

फोन बंद! आबाजी मटकन बाजेवर बसले.

आबाजींच्या नातीला, रागिणीला, रडूच फुटलं. बागेचा व्हिडिओ तिनंच मोबाइलवर कापून-जोडून शेखरकाकाला पाठवला होता. तिचा चुलतभाऊ गोपाल म्हणाला, "रडतं कावून? दाखव तो व्हिडिओ!"

खरंच की! पानं पिवळट, संत्री फिकी, आभाळ पांढरंफटक.

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून आलेली छोटी आरती ओरडली, "अन् यात माझा लाल फ्रॉक गुलाबी कसा झाला? फ्रॉकलाही डिंक्या लागला का?"

रागिणीनं घाईघाईनं मूळ शूटिंग उघडलं. तिथे फ्रॉक लालभडक, पानं हिरवीगार!

"म्हणजे एक्सपोर्ट करताना, ॲपमधून तयार व्हिडिओ बाहेर काढताना, रंग उडाले!"

"मंग रंग वाढव!" गोपालनं स्वतःच बोट फिरवलं. संत्री टोमॅटोसारखी लाल झाली.

"अरे शहाण्या, हे पाठवलं तर रंग फासला म्हणतील! थांब. कॅमेऱ्यात एचडीआर चालू होतं. त्यातले जादा उजेड-रंग ॲपनं साध्या व्हिडिओत बदललेच नाहीत."

रागिणीनं प्रोजेक्टचं रंगाचं सेटिंग एसडीआर, म्हणजे साधं, केलं आणि व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्ट केला. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. तिकडे शेखरकाकाचा चहा संपत आला असणार!

झाला! आईच्या जुन्या मोबाइलवरही लावून पाहिला. लाल म्हणजे लाल! आरतीनं फळासकट एक डहाळी तोडली आणि सायकली सुसाट सुटल्या.

फाट्यावर ट्रक घरघरत वळतच होता.

"शेखरकाकाऽऽ! थांबा!" रागिणीनं सायकल आडवी घातली.

तिनं मोबाइल पुढे धरला, आरतीनं शेजारी डहाळी धरली. शेखरकाका एकदा पानाकडे पाही, एकदा मोबाइलच्या काचेकडे.

"अन् हा फ्रॉक!" आरतीनं घेर पसरून दाखवला.

शेखरकाकाचं तोंड पाहण्यासारखं झालं! ट्रक निमूट बागेकडे वळला.

आबाजी फाटकातच उभे होते. "तुहा बाप बुंध्याले हात लावल्याबिगर बोलत नव्हता, शेखर. अन् तू काच पाहून माही बाग मारली?"

"चुकलं, आबाजी." त्यानं झाडाझाडाचे बुंधे तपासले आणि तिथेच उभं राहून दोन्ही व्यापाऱ्यांना फोन लावले. "बाग निरोगी आहे. चूक माही होती!"

तेव्हा कुठे आबाजी हसले. बहरातलं सगळ्यात टपोरं संत्रं तोडून त्यांनी रागिणीच्या हातावर ठेवलं. "बाग वाचवली तुमी पोरायनं!"

"अन् मला?" आरती फुरंगटली.

"तुले दोन! एक तुले, अन् एक तुह्या फ्रॉकले!"