शांती कक्षातील दहा मिनिटे

"संस्थेत एकांत कोठडी अस्तित्वात नाही. शांती कक्ष म्हटल्या जाणाऱ्या त्या कोठडीचा गेल्या वर्षभरात वापर झालेला नाही."

मुलींच्या बालगृहाने बालकल्याण समितीला दिलेल्या अहवालातले हे विधान तपासायला वकीलबाई आल्या होत्या. नसलेल्या कोठडीचा वापर कसा करत नाहीत, हा प्रश्न त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. शांतीसाठी बांधलेल्या त्या खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून दोन होत्या. वर्षभर न हललेल्या कड्या बोट लावताच सरकत होत्या. दार नव्याने रंगवलेले होते. आतल्या बाजूने मात्र, चौदा वर्षांच्या मुलीचा हात जेथे पोचेल तेथे, रंगाखालचे लाकूड खरवडलेले होते.

त्या वयाची एक मुलगी नोंदवहीप्रमाणे मार्चमध्ये 'पळून गेली' होती. तिची नऊ वर्षांची बहीण अजून येथेच होती. आज काही हाती लागले नाही, तर उद्या समिती फाइल बंद करणार आणि धाकटी अठरा वर्षांची होईपर्यंत याच अधीक्षकांच्या ताब्यात राहणार.

"ताई, ती पळाली नाही," धाकटी म्हणाली. "पळाली असती तर मला नेलं असतं ना."

"मग कुठे आहे?"

तिने खोलीकडे बोट केले. "हल्ली फारशी बोलत नाही. आधी गोष्टी सांगायची."

"पोरींच्या डोक्यात काय काय शिरतं," अधीक्षक हसले. "मॅडम, एक दिवस या बावीस जणी सांभाळून बघा. सगळी कलमं विसराल."

वकीलबाईंची एक पद्धत होती. सहकारी तिची टिंगल करत. कोणत्याही कोठडीविषयी लिहिण्याआधी त्या दार बंद करवून आत दहा मिनिटे बसत. एरवी बाहेर थांबायला सोबत कोणीतरी असे. आज कोणी मिळाले नव्हते, म्हणून ते काम त्यांनी अधीक्षकांवर सोपवले.

"दोन्ही कड्या घालू?"

"नेहमी घालता तशा घाला."

या वेळी ते हसले नाहीत.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद. वरच्या झरोक्यातून दुपारचे ऊन. फिनाइलचा वास आणि त्याखाली दबलेला ओल्या केसांचा. लाद्या थंडगार होत्या. कोपऱ्यातली एकच, नुकतेच कोणी उठून गेल्यासारखी, कोमट होती. ऊन तेथवर पोचत नव्हते. वकीलबाईंनी वहीत एवढेच टिपले. तर्क लिहिला नाही.

पाचव्या मिनिटाला दारावरून रंगाचा एक पोपडा गळून पडला.

मग दुसरा.

वकीलबाई दारापासून दूर, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

दहा मिनिटे झाली. कड्या हलल्या नाहीत.

त्यांनी हाक मारली. दार ठोठावले. मग दोन्ही मुठींनी बडवले. घड्याळ पाहणे कधी सुटले, याची नोंद वहीत नाही.

दार उघडले तेव्हा झरोक्यातले ऊन गेले होते.

अधीक्षक बाहेरच्या स्टुलावर जाऊन बसले, घामाने निथळत. वकीलबाईंनी आरडाओरडा केला नाही. हाताची बोटे सुजली होती, तरी कोरा कागद त्यांनीच पुढे केला. "जे झालं ते तुमच्या शब्दांत लिहा." अधीक्षकांनी शाळकरी मुलासारखे लिहून दिले आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी समितीने ते निवेदन कामाच्या ताणाखाली लिहिले गेल्याचे ठरवले, फाइल बंद केली आणि संस्थेच्या शिस्तीची प्रशंसा केली. धाकटी तेथेच आहे. निवेदनाची एक प्रत वकीलबाईंच्या कपाटात आहे. तिच्यात काना-मात्रेचाही बदल केलेला नाही:

"मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कड्या घातल्या. थोड्या वेळाने आतून दार वाजायला लागलं. मी घाबरलो नाही, कारण ते वाजतंच. मार्चमध्येही वाजत होतं. तिसऱ्या दिवशी थांबलं, तेव्हा मी उघडलं होतं. आजही थांबायची वाट बघत होतो. मोठ्या हाताचं वाजणं थांबलं. लहान हाताचं थांबेना, म्हणून उघडलं."