मानेवरचे तळवे

घड्याळजींनी घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं मान खाली घालून काम केलं आणि शेवटी त्या मानेनंच संप पुकारला. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली. कळ खांद्यातून थेट हातात उतरायची. उजवा अंगठा आणि तर्जनी बधिर. चिमट्यात स्क्रू आहे की नाही हेही डोळ्यांनी बघावं लागे. आणि दुसरं कुठलं काम त्यांना येत होतं?

"सहा आठवडे बघू," मणक्यांवर उपचार करणारी डॉक्टरीण एमआरआय उजेडात धरून म्हणाली. "हातातली ताकद कमी झाली, तर मात्र सर्जनकडे जायचं."

"मान कडकन मोडणार नाही ना?" बायकोनं विचारलं.

"अजिबात नाही. थोडं दाबायचं आणि बराच वेळ थांबायचं."

दवाखान्यातल्या उपचाराच्या टेबलाला तोंडापुरतं भोक होतं. पालथं पडलं की फरशी आणि डॉक्टरांचे पांढरे बूट तेवढे दिसत. मग मानेवर दोन कोमट तळवे टेकत.

तिसऱ्या खेपेला ते बूट बेसिनकडे गेले. नळ सुरू झाला. हात धुतल्याचा आवाज आला. तळवे मानेवरच होते.

घड्याळजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण चालू यंत्र उगाच उघडून बघायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी ब्रही काढला नाही.

पाचव्या खेपेला डॉक्टर फोनवर बोलत बाहेर गेल्या. तळव्यांनी थोडं दाबलं आणि ते थांबले. अंगठ्यात मुंग्या आल्या, मग ऊब.

"तुम्हाला मदतनीस आहे का कुणी?" डॉक्टर परतल्यावर घड्याळजींनी विचारलं.

बूट जागच्या जागी थांबले. "अंगठा कसा आहे?"

"जागा झालाय."

"मग पडून राहा."

सहाव्या आठवड्यात घड्याळजींनी डोळे मिटून स्क्रू उचलला. तो बोटांना लागला, टोचलासुद्धा. त्यांना चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कामाला बसले. जुन्या खोडीनं मान हळूहळू झुकली.

दोन कोमट तळव्यांनी ती अलगद सरळ केली.

"हो, बसतो नीट," ते पुटपुटले. भीती वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं.

बायको चहा घेऊन आली. त्यांच्या खुर्चीमागे येताच ती थबकली.

"जरा जाऊ द्या," ती खुर्चीमागे बघत हळूच म्हणाली, आणि अंग चोरून, भिंतीला खेटून पुढे आली.