डावीकडची खूण

"अप्पा, खरं सांगा, या गाडीत कुणी मेलंय का?"

प्रश्न साईप्रियाचा नव्हता. अप्पांना हे विचारून दाखव, मग तुला मानलं, असं वर्गातल्या राजम आणि संगीतानं तिला डिवचलं होतं. आणि साईप्रिया हल्ली कशातच मागे हटत नव्हती. दहावीपर्यंत हजेरीला 'येस मिस' म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तिनं अकरावीत आल्यावर विज्ञान प्रदर्शनात सायकलची दोन चाकं टांगून तासभर भाषण ठोकलं होतं. तेव्हापासून तिला थांबवणं अवघड झालं होतं.

गाडीखालून तिच्या वडिलांचे, मुरलीकृष्णांचे, फक्त पाय दिसत होते. पाय म्हणाले, "मेलं कुणी नाही. तिघं जन्मलीत. पाना दे. तो नव्हे, अर्ध्या इंचाचा."

वर्कशॉप राजवाड्यामागच्या गल्लीत होतं, घराला लागूनच. चौसष्ट सालची ही काळी अॅम्बॅसेडर ओरत्तनाडूच्या डॉक्टर हनुमंतरावांची. कालव्याकाठच्या गावांतून, भाताच्या बांधांवरून बाळंतिणींना आणायला डॉक्टर हीच गाडी काढायचे. ते गेले आणि गाडी बारा वर्षं शेडमध्ये उभी राहिली. आता त्यांच्या मुलाला, अनिरुद्धरावांना, तीच गाडी हायवेवर पळवायची होती. पन्नासच्या पुढं गेली की इंजिन किंचाळायचं. म्हणून मागच्या अॅक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी बदलायची. आठ आणि एकोणचाळीस दात्यांची काढायची, दहा आणि त्रेचाळीसची बसवायची. इंजिन फिरेल तेवढंच, पण चाकं जास्त पळतील.

"डॉक्टर कसे होते हो?"

"वेगळेच. मी तेव्हा शिकाऊ होतो. त्यांच्या गाडीखाली कुणी शिरलं, की स्टूल घेऊन डाव्या चाकाशी बसायचे. माणूस बाहेर येईपर्यंत हलायचे नाहीत. ताकभातसुद्धा तिथंच खायचे." पाय जरा थांबले. "जा आता, अम्मा हाक मारतेय."

अम्मा हाक मारणारच होती. वसुमतीनं त्रिचीच्या कोचिंगचा अर्ज भरून देवापाशी ठेवला होता. नवरात्रातली आयुधपूजा झाली, की साईप्रियानं तिथल्या हॉस्टेलवर जायचं, डॉक्टर व्हायचं. फक्त तिची सही व्हायची होती. अप्पा यावर काहीच बोलत नव्हते, आणि साईप्रियाला नेमकं तेच खुपत होतं. सगळ्या जगापुढं बोलता येऊ लागलेल्या मुलीला घरात 'मला डॉक्टर व्हायचं नाही' एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं.

जुनं माप तिनंच मोजलं होतं. डावं चाक टेकलेलं ठेवायचं, उजवं पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि इंजिनाकडून येणारा मधला दांडा किती फिरतो ते बघायचं. उजवीकडच्या ब्रेकच्या ड्रमवर तिनं खडूची एक रेघ ओढली, दांड्यावर दुसरी. दांडा पाच फेऱ्यांना जरासा कमी पडला. बरोबर होतं. मग दोन्ही चाकं उचलून, दांडा धरून अप्पांनी तिला गंमत दाखवली. उजवं पुढं फिरवलं की डावं मागं जातं. मधली छोटी चक्रं तसं करतात.

शनिवारी दुपारी ती सगळी चक्रं बाकावर येऊन पडली. चाकांकडे जाणारे दोन्ही आसही ओढून भिंतीला टेकवले होते; डाव्या-उजव्याला जोडणारं आत काही उरलं नव्हतं. धूळ आत जायला नको म्हणून ब्रेकचे ड्रम तेवढे परत बसवलेले. आयुधपूजेला दोनच दिवस उरले होते. त्या दिवशी हत्यारं देवापुढं, पान्याला हात लावायचा नाही. त्यामुळे अप्पा घाईत होते. काढलेली चाकं एरवी ते आधाराला गाडीखाली आडवी सरकवून ठेवायचे, ती आज नवीन ट्यूब घालायला दुकानात गेली होती. गाडीची मागची बाजू टेकूच्या नुसत्या दोन लोखंडी घोड्यांवर उभी होती. अप्पा पाठीवर झोपून अॅक्सलमधल्या चक्रांच्या रिकाम्या पेटीचे काठ खरवडत होते. पेटी त्यांच्या कपाळापासून वीतभर वर होती.

साईप्रिया उजवीकडे प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. उगाच चाळा म्हणून तिनं ड्रम पाव फेरा फिरवला.

पलीकडून घासल्यासारखा आवाज आला.

ती वाकली. गाडीखालून, अप्पांच्या छातीपलीकडे, डावा ड्रम दिसत होता. त्यावरची खडूची रेघ तिनं आणखी पाव फेरा दिल्यावर मागं सरकली. तेवढीच. ती थांबली, तशी रेघ थांबली.

वारा असेल, तिनं ठरवलं. गल्लीत वारा नव्हता. समोरच्या दोरीवरची साडी सरळ लोंबत होती.

"अप्पा, मधे काही जोडलेलं आहे का?"

"मधे माझं डोकं आहे. गप्प बस."

तिनं ड्रम घट्ट धरून ठेवला. आणि तो तिच्या हातात फिरू लागला. हिसका नव्हता. कुणीतरी पलीकडून सावकाश, धीरानं ओढत होतं. झोपलेल्याला उठवायला पदर ओढावा तसं.

पुन्हा. थांबून पुन्हा.

ती उठून वळसा घालून डावीकडे गेली. तिथं कुणी नव्हतं. फरशी मात्र नुकतं कुणी उठून गेल्यासारखी कोमट लागली तिच्या अनवाणी पायांना.

"अप्पा, बाहेर या."

"पाच मिनिटं."

"आत्ता या."

शाळेत कमावलेला तो आवाज तिनं घरात पहिल्यांदा वापरला. मुरलीकृष्ण बडबडत डाव्या बाजूनं सरपटत बाहेर आले, उकिडवे बसले आणि ड्रमला बोट लावलं. तो सैल फिरला. "बघ. मोकळा आहे. भूत तुझ्या मोबाइलमध्ये—"

उजवीकडचा घोडा फरशीत गेला.

आवाज एकच झाला.

धूळ बसली तेव्हा दिसलं, की फरशीखालच्या जुन्या गटाराचं छत खचलं होतं. पेटी जमिनीला टेकली होती. अप्पांनी डोक्याखाली घेतलेलं पोतं तिच्याखाली चपटं झालं होतं. साईप्रियाच्या स्टुलाचे दोन पाय ड्रमखाली होते.

वसुमती सुंडलचा, नैवेद्याच्या उकडलेल्या हरभऱ्यांचा, डबा घेऊन धावत आली. तिनं आधी नवऱ्याला चाचपलं, मग मुलीला, मग पुन्हा नवऱ्याला. "हात हलव बघू. मान फिरव." मुरलीकृष्ण हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. तिघंही पायरीवर बसली. डब्यातलं सुंडल त्या दिवशी इतकं चविष्ट लागलं, की साईप्रियानं डब्याच्या तळाचं खोबरंही बोटानं पुसून खाल्लं.

रविवारी गाडी पक्क्या जागी चढली, आत नवी चक्रं बसली. पुन्हा मोजलं, तर दांडा चार फेऱ्यांच्या थोडा पुढं गेला. अगदी हवा तेवढा.

पूजेच्या दिवशी पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना गंध लागलं. अनिरुद्धराव दुपारी गाडी न्यायला यायचे होते. चाकं चढवायची तेवढी बाकी होती, आणि पान्याला आज सुट्टी होती, म्हणून ती अनिरुद्धरावांनीच स्वतःच्या पान्यानं चढवायची असं ठरलं होतं. मुरलीकृष्ण हळदीकुंकू लावत गाडीभोवती फिरले आणि डाव्या ड्रमपाशी थबकले.

"प्रिया, दोन्हीकडे खुणा कशाला केल्यास? मोजायला एक पुरते."

साईप्रिया जवळ गेली. रेघ सरळ होती, बारीक, तिच्या खडूपेक्षा पिवळट. तिनं बोट जवळ नेलं, पण लावलं नाही.

"मी एकच केली होती, अप्पा."

वसुमतीच्या हातातली उदबत्तीची राख खाली पडली.

"अम्मा, तो अर्ज मी फाडणार नाही, पण त्यावर सहीही करणार नाही," साईप्रिया म्हणाली. आवाज जराही अडकला नाही. "बारावीनंतर मी मेकॅनिकल घेणार, आणि तोवर शनिवार-रविवार इथं काम शिकणार. अप्पा गाडीखाली गेले, की मी उजवीकडे बसणार. डावीकडे एक स्टूल ठेवा. त्यावर आपल्यापैकी कुणी बसायचं नाही."