पारख्याचा हात

होटकरांच्या कातड्याच्या टॅनरीत आलेला पाहुणा आधी नाकाला रुमाल लावायचा आणि दोन मिनिटांनी ओशाळून तो खिशात घालायचा. वास येतच नव्हता. टॅनरीचं पाणी नदीला मिळे तिथेच पोरं डुंबत असत. वीस वर्षांपूर्वी त्याच जागी पाणी हिरवंगार असे आणि त्यात उतरलेली म्हैस आठवडाभर भिंतीला अंग घाशीत फिरे.

ही सगळी करामत गुंफकाची. गुंफक म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला एक जिवाणू. कातडं बनतं कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं. ओलं राहिलं की ते धागे सडतात; त्यांना एकमेकांशी कायमचं बांधून टाकणं म्हणजेच कातडं कमावणं. पूर्वी हे काम हिरडा आणि बाभळीची साल महिनाभर करत बसत. मग क्रोम हे रसायन आलं. त्याने ते एका दिवसात उरकलं आणि जाता जाता गावच्या विहिरी नासवल्या. गुंफकाला दीड दिवस लागे, पण काम संपलं की तो हौदातच मरे आणि उरलेलं पाणी खुशाल उसाला सोडता येई.

अडचण एकच होती, थांबवायचं कधी? लवकर काढलं तर कातडं सडे, उशिरा काढलं तर फळीसारखं ताठ होई. त्यातून दुष्काळात वाढलेल्या मेंढीचं कातडं निराळं, दोनदा व्यालेलीचं निराळं. यंत्रांनी इथे हात टेकले होते. म्हणून हौदाकाठी पारखी बसे, पाण्यात हात घालून कातडं चाचपून बघे आणि "काढा" म्हणे. संपत होटकर हा त्या भागातला एक नंबरचा पारखी. संशोधन संस्थेने दिलेले हातमोजे त्याच्या कपाटात कोरे करकरीत पडून होते. ते घालून कातडं कळतं म्हणणाऱ्याची टॅनरीत यथेच्छ टिंगल होई.

पण गेल्या महिन्यात संपतच्या हातून तीन हौद फळी झाले. त्याने लाजत लाजत संस्थेत फोन केला. गुंफक जिने घडवला ती डॉक्टर शर्वरी बेडेकर स्वतः आली. तिने त्याच्या तळहातात सुई टोचली.

"दुखतंय?"

"टोचली कवा?"

शर्वरीने सुई बाजूला ठेवली. तिचा चेहरा उतरला.

"जित्या कातडीला ह्यो धरत न्हाई, असं तुमीच म्हणाला हुता, मॅडम."

"म्हणाले होते. जिवंत कातडी जुने धागे मोडून सतत नवे घालत असते. त्यामुळे गुंफकाने मारलेली गाठ टिकत नाही. पण वय झालं की ही दुरुस्ती मंदावते. तुमच्या हाताचे धागे बांधले गेलेत, संपतराव. आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा त्यात दबून गेल्यात."

"म्हंजे माझंच हात कमावलं गेलं."

ती हसली नाही. "मी हे वर कळवलं तर हौद बंद होतील. चौकशीला पाच-सहा वर्षं लागतील."

"आन तवर?"

"तोवर क्रोम."

संपतला हिरा आठवली. त्याची बायको क्रोमने नासलेल्या विहिरीचं पाणी पीत आली होती. मूत्रपिंडं गेली आणि सहा महिन्यांत तीही गेली.

"तरण्या हाताला भ्या न्हाई म्हंता?"

"नसावं. तिशीतली कातडी भराभर नवी होते." मग ती म्हणाली, "आम्ही चाचण्या केल्या त्या हातमोजे घालणाऱ्या माणसांवर."

शेवटचं वाक्य संपतने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्याची लेक नयना एकतीस वर्षांची. चार वर्षं ती उघड्या हातांनी दुसऱ्या हौदावर बसत होती आणि मोठ्या हौदावर तिचा डोळा होता.

"मग नगा कळवू," तो म्हणाला. "माझ्या जागी लेक बसंल."

शर्वरीने पिशवी आवरली. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे संपतला दिसलं.

दिवस मावळता तो घरी आला. नयना तान्हीला मांडीवर घेऊन न्हाणीत बसली होती. त्याने बातमी सांगितली तशी तिचा चेहरा फुलला.

"खरंच आबा? थांबा, हिला न्हाऊ घालते आन च्या टाकते."

तिने घंगाळात मनगटापर्यंत हात घालून पाणी ढवळलं, कोमट आहे म्हणाली आणि पोरीच्या पायांवर तांब्या ओतला.

पोर किंचाळली. संपतने तिला उचललं, पायांवरून हात फिरवला. हाताला काहीच कळेना. मग त्याने तो एवढासा पाय गालाला लावला. पाय चांगलाच भाजला होता.

"गार पाणी! गार पाणी आण!"

नयना जागची हलली नाही. त्यानेच एका हाताने रांजणातलं पाणी घेऊन पोरीच्या पायांवर तांब्यामागून तांब्या ओतला.

"हात घालून बघितलं की ओ मी," नयना म्हणत होती. तिने दोन्ही हात परत घंगाळात बुडवले होते. मनगटाभोवती वाफ निघत होती, कातडी लाल होत चालली होती. तिने बापाकडे बघितलं.

"आबा, खरं सांगा. हे पाणी गरम हाय?"