न हललेला आकडा

"दोरा मी बांधणार. कल्पना माझी आहे," चिकटीच्या धाकट्या भावाने, शेंडेफळाने, जाहीर केले.

"कल्पना तुझी, आणि गाठ सुटली की फजिती आमची," असे म्हणत शेजारच्या ढब्बूने त्याच्या हातातले रीळ काढून घेतले.

चिकटीने दोघांकडेही लक्ष दिले नाही. सुट्टीतली ती सोमवारची सकाळ होती, आणि रुग्णालयामागच्या पत्र्याच्या खोलीसमोर ती उकिडवी बसली होती. आत चाकांवरचा जनरेटर होता. शुक्रवारी वीज गेली, तेव्हा तो सुरूच झाला नाही. तान्ह्या बाळांच्या खोलीतली ऊब देणारी यंत्रे तासभर बंद राहिली. बाळे वाचली, परंतु कोणाच्या तरी माथी दोष मारणे भागच होते. सुपरवायझर साहेबांनी तो तिच्या बाबांच्या माथी मारला, कारण जनरेटरचे ऑपरेटर तेच. कचेरीच्या भिंतीवरच्या तक्त्यात दर सोमवारी 'तेल, पाणी, बॅटरी पाहिली. अर्धा तास चालवला' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. मग यंत्र अचानक कसे बिघडेल? ऑपरेटरनेच मुद्दाम बॅटरीची तार सैल केली असणार, असा त्यांचा तर्क. बाबांना घरी बसवण्यात आले.

चिकटी गप्प बसणारी नव्हती. जनरेटर किती तास चालला ते दाखवणारा एक छोटा आकडा त्यावर असतो. मागच्या सुट्टीत बाबांबरोबर आली असता तिने तो वहीत टिपला होता: तीनशे बारा. काल जाळीतून पाहिले, तर अजूनही तीनशे बाराच! सहा महिने दर आठवड्याला अर्धा तास चाललेल्या यंत्राचा आकडा जागचा हलत नाही? म्हणजे खुणा खोट्या, आणि त्या साहेबांच्याच असणार, असे तिने ठरवले.

तिने आकड्याबद्दल साहेबांना विचारले. आकडाच बिघडला असेल, असे म्हणून त्यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले. बाबा तर नुसते "राहू दे गं," म्हणाले. बाबा खचले आहेत, असे तिला वाटले.

म्हणून हा दोरा. नवी बॅटरी शनिवारीच बसली होती आणि आज तपासणीचा दिवस होता. आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा ढब्बूने दाराच्या कडीपासून चौकटीतल्या खिळ्यापर्यंत ताणून बांधला. दार उघडले की तो तुटणारच होता.

संध्याकाळी पाच वाजता तिघांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून आणले. दोरा अखंड होता. आणि कचेरीतल्या तक्त्यावर आजची खूण ताजी होती: अर्धा तास चालवला.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांना आणि बाबांना बोलावले. साहेबांनी दोरा पाहिला, तक्ता पाहिला आणि घाम पुसला. मग म्हणाले, "आजची खूण माझी, कबूल. पण वरच्या कोणाच्या, तेही विचारा ना."

चिकटीने वर पाहिले. सव्वीस सोमवार, सव्वीस खुणा. प्रत्येकीच्या शेपटाला बारीकसे वळण. तशी खूण तिला चांगलीच ओळखीची होती. तिच्या गणितांवर ती रोजच उमटत असे.

"माझ्या," बाबा म्हणाले. "आवाजाने रुग्ण कुरकुरतात, तू नुसती खूण कर, असं साहेब म्हणाले. तार मी सैल केली नाही बाई. पण खुणा मी केल्या."

साहेबांना त्या कामावरून दूर करण्यात आले. सहा महिने यंत्र न चालवल्याने बॅटरीच मेली होती हे उघड झाले, आणि तार सैल केल्याचा आरोप मागे घेतला गेला. बाबांची नोकरी राहिली, मात्र लेखी ताकीद मिळाली. डॉक्टरीणबाईंनी मुलांच्या पाठी थोपटल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अशी चौकस लेक नशिबाने मिळते हो."

बाबा जमिनीकडे पाहत राहिले. शेंडेफळ आणि ढब्बू शाबासकीने फुगले होते. चिकटीला मात्र ती शाबासकी कुठे ठेवावी ते कळेना.

घरी आल्यावर तिने सवयीने गणिताची वही बाबांपुढे सरकवली आणि लगेच मागे ओढू पाहिली. बाबांनी ती धरून ठेवली. पेन वहीवर टेकले आणि थांबले. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, पहिले गणित आरंभापासून स्वतः सोडवले, दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, आणि मगच खूण केली.

पुढचे गणित घेताना त्यांनी वर पाहिले नाही. तिने वहीचे पान त्यांच्यासाठी सपाट धरले. अजून अकरा गणिते बाकी होती.